चित्रे मुलांची, परीक्षा आपली



दिवाळीच्या आसपास आपल्या मंडळाच्या बैठकीत दोन विषय हमखास निघतात. एक तुळशीच्या लग्नाचा आणि दुसरा बालदिनाचा. यंदा कार्यकारिणीपुढे अशी सूचना आली आहे की, १४ नोव्हेंबरचा बालदिन आणि २० नोव्हेंबरचा जागतिक बालदिन यांच्या दरम्यान समाजातील मुलामुलींची चित्रकला स्पर्धा घ्यावी आणि तिचा विषय 'बालहक्क' असावा. सूचना चांगली आहे, आमचा तिला पाठिंबा आहे. परंतु हा पाठिंबा काही अटींवर आहे. त्या अटी कोणत्या आणि का, हे या अंकात सांगायचे आहे.

चित्रकला स्पर्धा आपल्याला नवीन नाहीत. ज्यांचे शिक्षण महाराष्ट्रात झाले त्यांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आठवत असतील. दांडेकर बंधूंनी १९३१ साली सुरू केलेल्या कॅमलिनची रंगपेटी वाढदिवसाला मिळाली की आठवडाभर ती उशाशी घेऊन झोपणारी पिढी आपल्यातच आहे. गणेशोत्सवात मंडपाच्या एका बाजूला सतरंजी अंथरून मुलांना कागद वाटायचे, ही पद्धतही सुरतेतल्या मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

पण या स्पर्धा होतात कशा, हेही एकदा प्रामाणिकपणे आठवू या. मुलांना सकाळी नऊला बोलावले जाते. उद्घाटक साडेदहाला येतात. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, मनोगत हे सारे आटोपेपर्यंत साडेअकरा वाजतात. तोवर लहानग्यांना भूक लागलेली असते, कुणाला लघवीला जायचे असते आणि आई डोळे वटारून 'गप बस' म्हणत असते. शेवटी कागद हाती येतो तेव्हा मागून बाबा वाकून सांगतात, 'इथे झाड काढ, तिथे सूर्य काढ.' दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी, झोपडी आणि चार 'व' काढून केलेले पक्षी. विषय बालहक्क असला तर कागदाच्या मधोमध रेघ मारायची, एका बाजूला दप्तर घेतलेला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर विटा घेतलेला मुलगा. परीक्षक मान डोलावतात, बक्षिसे वाटली जातात, वर्तमानपत्रात फोटो येतो. ज्यांच्या हक्काचा कार्यक्रम, त्यांना दिवसभरात एकदाही कुणी विचारलेले नसते की, बाळा, तुला काय म्हणायचे आहे?

आता 'बालहक्क' म्हणजे नेमके काय, ते पाहू. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात मुलांची अन्नान्नदशा झाली. ती पाहून एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंनी मुलांच्या हक्कांचा एक छोटा जाहीरनामा लिहिला. राष्ट्रसंघाने तो १९२४ साली जिनिव्हात स्वीकारला. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९५९ रोजी विस्तृत जाहीरनामा केला आणि बरोबर तीस वर्षांनी, २० नोव्हेंबर १९८९ रोजी, ५४ कलमांचा बालहक्क करार मंजूर केला. भारताने त्याला ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यता दिली. म्हणजे हा करार आपल्या देशाने जगापुढे दिलेला शब्द आहे.

या करारातली तीन कलमे चित्रकला स्पर्धेशी थेट संबंधित आहेत. बाराव्या कलमाप्रमाणे, ज्या गोष्टींचा मुलावर परिणाम होतो त्या प्रत्येक गोष्टीत त्याचे मत ऐकून घेतले पाहिजे आणि वय व समज पाहून त्याला वजन दिले पाहिजे. तेरावे कलम म्हणते की, हे मत मूल बोलून, लिहून किंवा कलेतूनही मांडू शकते. एकतिसाव्या कलमात विश्रांती, खेळ आणि कला हे मुलाचे हक्क म्हटले आहेत. तेव्हा मुलाचे चित्र म्हणजे नुसती हौस नव्हे, ते त्याचे म्हणणे आहे. आपण त्याला क्रमांक देतो, पण त्याचे म्हणणे वाचत नाही, ही आमची पहिली तक्रार.

यावर आपल्यातील काही ज्येष्ठ म्हणतील, 'ही हक्कांची भाषा परदेशी. आमच्या वेळी मार खाऊनच आम्ही शिकलो.' ज्येष्ठांचा मान राखूनच आम्ही सांगतो, ही भाषा आपल्या घरातलीच आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. सयाजीराव महाराज गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या बडोदे संस्थानात लागू केला. नवसारी हा त्याच संस्थानाचा प्रांत. म्हणजे त्या काळी नवसारीच्या गरीब मुलाला शाळेत बसवणे हे सरकारचे काम झाले होते आणि तासाभराच्या अंतरावरच्या आपल्या सुरतेत, इंग्रजी अंमलाखाली, तसा कायदा नव्हता. १९०७ साली सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जोडा फेकला गेला, हे आपण चवीने सांगतो. त्याच अधिवेशनात असलेल्या नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि इंग्रज सरकारने ते पुढच्या वर्षी पाडले, हे मात्र आपण मुलांना सांगत नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत व सक्तीचे शिक्षण आणले. आणि साऱ्या देशाला तो कायदा कधी मिळाला? संसदेने २००९ साली केला, १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फुल्यांच्या निवेदनानंतर १२८ वर्षांनी! त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतला मारही बंद केला आहे.

कलेचेही तसेच. सयाजीरावांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढले. त्याच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, ते प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर आपल्या सुरतेचे. तिथे शिकलेल्या विद्यार्थ्यांत एक होते दादासाहेब फाळके. मराठी राजा, सुरती गुरुजी आणि नाशिककडचा विद्यार्थी असा तो संगम होता. त्यांनी हाताच्या कसबाला फावल्या वेळेचा उद्योग मानले नाही. आपल्या स्पर्धेने एवढा वारसा आठवला तरी पुरे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. स्पर्धा कोणाची? आपली म्हणजे सुरतेतली जुनी मराठी घरे. कुणाचे पणजोबा कोर्टात, कुणाचे रेल्वेत, कुणाचे शाळेत मास्तर. नानपुरा, गोपीपुरा, सग्रामपुरा इथून आपण अठवा, अडाजणकडे सरकलो. आपली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, घरी अर्धे मराठी, अर्धे गुजराती बोलतात. त्यांच्याकडे रंग आहेत, क्लास आहेत, सांगायला बाबा आहेत. त्यांनी स्पर्धेत यावे, आनंदच आहे. पण तापी काठच्या या शहरात मराठी बोलणारी बहुसंख्य मुले आज आपल्या घरात नाहीत. ती लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना, पांडेसरा इथे आहेत. धुळे, नंदुरबार, जळगाव इथून भुसावळच्या गाडीने आलेल्या आणि लूमवर, डाइंग मिलमध्ये, कापड मार्केटमध्ये राबणाऱ्या आईबापांची ती मुले. आपण त्यांना 'तिकडचे' म्हणतो. बहिणाबाईंच्या ओव्यांना सभागृहात टाळ्या वाजवतो आणि त्याच मुलखातली बोली लिंबायतच्या पोराच्या तोंडून ऐकली की नाक मुरडतो. मतदान आले, मराठी माणसाला तिकीट हवे झाले की मात्र ते लगेच 'आपले' होतात. मुलांना हा दुटप्पीपणा मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

म्हणून आमची पहिली अट. ही स्पर्धा मंडळाच्या सभागृहात होऊ नये, नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळांतून व्हावी. सुरत महानगरपालिकेने गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवल्या आहेत. देशात फार थोड्या शहरांना हे जमले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे घटनेचे ३५० अ हे कलम १९५६ पासून सांगते. गुजराती तर आपल्या मुलांना आलीच पाहिजे. ज्या मातीचे मीठ खातो तिची भाषा शिकण्यात कमीपणा कसला? २०२३ च्या कायद्याने ती सर्व शाळांत आवश्यक झाली, त्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. पण मराठी वर्ग रिकामे होऊ लागले तर 'पट कमी' म्हणून ते बंद होतील, आणि त्या दिवशी मोर्चा काढणाऱ्यांत सर्वांत पुढे ते लोक असतील, ज्यांनी त्या शाळेची पायरी कधी चढली नाही. म्हणून स्पर्धेच्या निमित्ताने तरी आपण ती पायरी चढावी. आपली मुले तिथे जातील, तिथल्या मुलांशेजारी सतरंजीवर बसतील. कागद, रंग, ब्रश सर्वांना एकसारखे आणि मंडळाकडून मिळावेत.

दुसरी अट अधिक कठीण आहे. मुलांनी जे काढले ते आपण पाहायचे. समजा एखाद्या मुलीने साडी काढली, साडीभोवती बसलेली आई, बहीण आणि ती स्वतः, आणि भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजलेले. सुरतेत हे चित्र कुणाला समजावून सांगावे लागणार नाही. साडीवर टिकल्या-स्टोन चिकटवणे, लेस लावणे, धागे कापणे ही कामे मार्केटमधून घरोघर जातात आणि नगावर पैसे मिळतात. १९८६ चा बालमजुरी कायदा २०१६ साली दुरुस्त झाला आणि १४ वर्षांखालील मुलांना सर्व कामांत बंदी आली. घरच्या उद्योगात शाळा सुटल्यावर मदत करण्याची सवलत ठेवली आहे, पण तिलाही मर्यादा आहेत. २०१७ च्या नियमांनुसार संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात मुलाने असे काम करायचे नाही. मग ते अकरा वाजलेले घड्याळ कोणाला दोष देते? त्या आईला? नगाचा दर इतका कमी का, की दोन हातांनी पोट भरत नाही आणि सहा हात लावावे लागतात, हा प्रश्न काम देणाऱ्याला विचारायचा आहे. आणि काम देणाऱ्यांत आपल्यातले काही जण आहेत, हे आम्ही इथे लिहून ठेवतो. रागावू नका. आरशावर रागावून चेहरा बदलत नाही.

तसेच घरकामाचे. १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तरीही 'आमची बाई आजारी आहे, म्हणून तिची पोरगी येते' हे वाक्य आपल्या कुणाच्या घरी ऐकू येत नाही, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल का? तिला जुने कपडे देतो, दिवाळीत घारी देतो, हे खरे. पण ती पोरगी शाळेच्या वेळेत आपल्या घरी भांडी घासत असेल तर आपल्या मुलाने काढलेल्या 'बालहक्क' चित्राला कोणते बक्षीस द्यायचे?

तिसरी अट सुरक्षिततेची. २४ मे २०१९ ही तारीख सुरतेला विसरता येणार नाही. सरथाणाच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली. वरच्या मजल्यावर कला व डिझाइनचे वर्ग चालत होते. जिन्याची वाट आगीने आणि धुराने बंद झाली, मुलांनी वरून उड्या टाकल्या, आणि २२ जीव गेले. चित्र काढायला, काही घडवायला शिकणारी ती मुले होती. त्यानंतर काही दिवस सारे शहर जागे होते, क्लासेसना टाळी लागली, तपासण्या झाल्या. पुढे? आपल्या पाल्याच्या क्लासला दुसरा जिना आहे का, हे आज किती पालक विचारतात? फी किती आणि निकाल किती टक्के, एवढेच विचारतो. स्पर्धेच्या प्रत्येक ठिकाणी बाहेर पडण्याच्या दोन मोकळ्या वाटा, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असल्याशिवाय मंडळाने परवानगी देऊ नये. जिवाची हमी नसेल तर बाकीच्या हक्कांची चर्चा व्यर्थ आहे.

चौथी अट चित्रांच्या जपणुकीची. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी चेक देशातील तेरेझिन गावी ज्यू लोकांना कोंडले, त्यात हजारो मुले होती. तिथे फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या चित्रकार बाई त्या मुलांना गुपचूप चित्रकला शिकवत. मिळेल त्या कागदावर मुले घर, फुलपाखरे, रांगा, आठवणी काढत. बाई प्रत्येकाला चित्रावर स्वतःचे नाव घालायला सांगत. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला नेऊन मारले. जाण्यापूर्वी त्यांनी दोन पेट्यांत भरून ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रे उरली आणि ती आज प्रागच्या संग्रहालयात आहेत. ज्या मुलांपैकी बहुतेक जगली नाहीत, त्यांची नावे त्या कागदांमुळे जगाला कळली. आपल्या मुलांवर, देवदयेने, तसा प्रसंग नाही. तरी स्पर्धा संपल्यावर चित्रांचा गठ्ठा माळ्यावर टाकून पुढच्या वर्षी रद्दीत घालण्याची आपली रीत बदलावी, एवढे तरी त्या बाईंकडून शिकावे.

याच संदर्भात एक नाजूक गोष्ट. एखादे मूल चित्रात घरातली मारहाण काढील, कुणाचा तरी नको असलेला स्पर्श सुचवील. असे चित्र भिंतीवर लावू नये, त्याची चर्चा बायकांच्या भिशीत होऊ नये. मंडळातील एक-दोन अनुभवी शिक्षिकांनी मुलाशी शांतपणे बोलावे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, १९९६ साली मुंबईत सुरू झालेल्या चाइल्डलाइनमुळे तो देशभर पोहोचला. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणे बंधनकारक आहे. 'घरची अब्रू' हे कारण तिथे चालत नाही, चालू नये.

शेवटची अट राजकीय आहे, कारण हे पत्रक राजकीय आहे आणि आम्हाला त्याचा संकोच नाही. मुलांना मत नसते, म्हणून त्यांच्या मागण्या कुणाच्या वचननाम्यात पहिल्या पानावर नसतात. आपले मत हेच त्यांचे मत. स्पर्धेनंतर परीक्षकांनी क्रमांक लावण्याबरोबर आणखी एक काम करावे. कोणत्या भागातील मुलांनी काय काढले, याची नोंद करावी. लिंबायतच्या वीस मुलांनी मैदान काढले असेल, तर तिथे खेळायला मैदान नाही हे समजावे. शाळेच्या वाटेवरचा ट्रक, उघडे गटार, बंद दिवा, पावसात भरलेले पाणी, जे असेल ते. २०२१ च्या पालिका निवडणुकीत ३० प्रभागांतून प्रत्येकी चार असे १२० नगरसेवक निवडून गेले होते. ज्या प्रभागातील चित्रे, त्या प्रभागाच्या नगरसेवकांना, पक्ष न पाहता, ती दाखवावीत आणि लेखी मागणी द्यावी. मराठी उमेदवाराला मराठी म्हणून मत देण्याचे दिवस आम्हीही पाहिले. आता त्याला इतके तरी विचारू की, तुझ्या प्रभागातल्या मराठी शाळेत शिक्षक पुरे आहेत का? उत्तर नसेल तर आडनाव पाहून मत देऊ नये.

हे सारे एका चित्रकला स्पर्धेवर लादणे जड होते, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. मुलांवर यातले काही लादायचे नाहीच. त्यांनी यावे, खाऊ खावा, हात रंगवावेत, मनात येईल ते काढावे. निळा आंबा काढला तर काढू द्यावा. जड काम आपले आहे. उद्घाटकांना वेळेवर आणणे, भाषण पाच मिनिटांत आटोपणे, बाबांना दाराबाहेर बसवणे, प्रत्येक मुलाला प्रशस्तिपत्र देणे आणि मग रात्री दिवा लावून तो गठ्ठा एकेक करून पाहणे.

कार्यकारिणीने तारीख ठरवावी. स्वयंसेवक म्हणून नाव देणाऱ्यांनी मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी नोंद करावी. कागद आणि रंग यांसाठी वर्गणी देणाऱ्यांचे स्वागत आहे, पण फलकावर दात्यांच्या नावांपेक्षा मुलांची नावे मोठ्या अक्षरांत असतील, हे आधीच सांगून ठेवतो.